हंसाने अंग झटकलं नाही त्याची हकीकत

चि. यानावी, माझे धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद, आणि आपल्या थोरल्या पांढऱ्या देवाचेही (तुला आता त्याचे चालत नसतील तर माझेच दुप्पट धर). पत्राचं कारण खाली कुठेतरी येईल, घाई करू नकोस, आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझा उजवा बरा आहे, डावा हवामान सांगतो. गाय व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. शेजारच्या पेक्तेकचा कान मधमाश्यांनी सुजवला, कारण तो पोळ्यापाशी उभा राहून बायकोला नको ते बोलला, आणि आपल्या मधमाश्यांना वाईट बोलणं खपत नाही हे तुला सांगायला नको. फोनच केला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतेस. कागद ऐकून घेतो. माझं अक्षर चौथीतलंच आहे, पाचवीत मला गाईंनी जाऊ दिलं नाही, तेव्हा जिथे पूर्णविराम दिसणार नाही तिथे तूच श्वास घे.

तर आनंदाची बातमी अशी की आपल्या एल्विकाचं जमलं. मुलगा उफा शहरातला, नाव तिमोफेई, बोलतो कमी, वाढलेलं सगळं खातो आणि ताट स्वतः उचलतो. मला तो पहिल्याच दिवशी पसंत पडला. अडलं ते त्याच्या आईपाशी. बाई औषधांच्या दुकानात असते, रविवारी चर्चमध्ये गाते, मनाने वाईट नाही, पण तिला कोणी तरी सांगितलं की आम्ही मारी लोक झाडांची पूजा करतो आणि रानात पक्षी मारतो. तिने निरोप धाडला, मुलगी सोन्यासारखी आहे, पण लग्नाआधी चर्चमध्ये डोक्यावर पाणी घेऊन तिचा बाप्तिस्मा झाला पाहिजे, त्याशिवाय आमच्या घरात सून येत नाही. एल्विकाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती म्हणाली, आधी माझ्या आजीला भेटा, आमच्यात काय असतं ते ती समजावून सांगेल. (पोरीचे आईबाप तिकडे उत्तरेत तेलाच्या विहिरींवर, तिला वाढवली मीच, तेव्हा समजावायचं कामही माझ्याकडेच आलं.)

आता मी का धास्तावले ते तुला वेगळं सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे मलाही नीट दिसेल. देवराईत आईच्या बर्च झाडाखाली आपल्या घराची चूल आहे. आई होती तेव्हा तिथे आपण तिघी उभ्या राहायचो, मग तू आणि मी, आणि तू पेर्मच्या रेल्वेवाल्याशी लग्न करून चर्चचं पाणी घेतलंस तेव्हापासून मी एकटी, नंतर शेजारी ही पोरगी. तू दर उन्हाळ्यात म्हणतेस, ताई, आता मी तिथे कुठल्या तोंडाने येऊ. बरं. पण एल्विकाही गेली तर माझ्यानंतर त्या बर्चखाली जाळ कोण घालणार? पेक्तेक? त्याला तर मधमाश्यासुद्धा उभं करत नाहीत.

म्हणून मी कंबर कसली. आठवडाभर गाईला धार काढताना सगळं समजावून सांगितलं, अगदी जग झालं तिथपासून. गाईने शेवटपर्यंत ऐकलं, पण ती आपल्यातलीच, तिला पटवायचं ते काय. मग पुजारी इलिकबायकडे गेले (अजून ट्रॅक्टर चालवतो, पूजेच्या दिवशीच तेवढा माणसात येतो). तो ट्रॅक्टरखाली होता, नुसते पाय दिसत होते. पाय म्हणाले, "चाचावी, तू थोडक्यात सांग." मी म्हटलं, थोडक्यातच सांगणार आहे. पाय म्हणाले, "म्हणजे ते मुक्कामाला येणार म्हणायचे."

आले ते मोठ्या पूजेच्या आदल्या दिवशी. विहीणबाई झिनाईदा, व्याही गेन्नादी, तिमोफेई आणि आपली पोरगी. व्याही शहरात ट्रॉलीबस चालवतात, मान सरळ समोर, आरशात बघितल्यासारखं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. विहीणबाईंनी खोकाभर केक आणला आणि त्यांच्या एका संताची तसबीर. मी तसबीर घड्याळाशेजारी फळीवर ठेवली, आणि घरात नवा आलाय म्हणून त्याच्यापुढे एक धिरडं ठेवलं, तीन थरांचं, लोणी घालून. विहीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "अहो, ते खात नाहीत." मी म्हटलं, आमचेही खात नाहीत, पण वाढावं लागतं. व्याही म्हणाले, "मग शेवटी खातं कोण?" मी म्हटलं, आम्ही. त्यांना आपला धर्म तिथल्या तिथे निम्मा कळला असं मला वाटलं, कारण त्यांनी ताट पुढे केलं.

मग विहीणबाईंनी हात मांडीवर ठेवून, औषधाची चिठ्ठी वाचायला घेतात तशा सुरात विचारलं, तुमचे देव एकूण किती. मी सुरुवात केली थोरल्या पांढऱ्या देवापासून, मग जन्माची आई, अग्नीची आई, वाऱ्याची आई, पाण्याची आई, मधमाश्यांचा, गुरांचा, पिकाचा, आणि वाफेच्या न्हाणीघरातली म्हातारी. एल्विका टेबलाखालून पाय मारत होती, पण माझा डावा गुडघा आधीच बधिर, मला पत्ता नाही. (केटल मधे आपणहून बंद झाली.) विहीणबाई म्हणाल्या, एवढे कशाला लागतात. मी म्हटलं, कुंपणाची काठी पडली तर तुम्ही थेट राज्याच्या प्रमुखाला फोन लावता का? काठीला काठीचा माणूस असतो. त्यावर व्याही शांतपणे म्हणाले, "झीना, तू प्रवासाला निघताना एका संताला सांगतेस, दात दुखला की दुसऱ्याला आणि किल्ल्या हरवल्या की तिसऱ्याला." विहीणबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी आणखी एक धिरडं घेतलं.

पण त्या मूळ मुद्द्यावर आल्याच. झाडांची पूजा करता का. यानावी, मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, बाई, तुम्ही बसथांब्याच्या खांबाला नमस्कार करता का? नाही ना, पण उभ्या तिथेच राहता, कारण बस तिथेच थांबते. आमचं झाड तसं आहे. देव कुठेही आहे, पण थांबतो तिथे. व्याह्यांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "हे बरोबर आहे. लोक कुठेही हात दाखवतात, थांबता येत नाही." त्या क्षणापासून व्याही आपल्या बाजूचे. विहीणबाई मात्र चर्चच्या पहिल्या रांगेत गाणाऱ्या, त्या अशा थोड्याच हलणार. म्हणाल्या, थांबा ठीक आहे, पण तिथे पक्षी कापता ते.

आणि इथे, यानावी, मी जरा जास्तच ताठ झाले. मी म्हटलं, आम्ही विचारल्याशिवाय काही घेत नाही. रानातली डहाळी मोडत नाही, न्हाणीघरात पाणी टाकताना म्हातारीला विचारतो, आणि हंसालासुद्धा विचारतो. पुजारी त्याच्या पाठीवर पाणी ओततो. हंसाने अंग झटकलं तर देवाला चाललं, हंसालाही चाललं. नाही झटकलं तर तो घरी जातो, पुन्हा त्याच्या अंगाला कोणी हात लावत नाही. विहीणबाई म्हणाल्या, आणि नाही म्हणतो कधी? मी म्हटलं, दुसऱ्यांचे म्हणत असतील, आमच्या घरचा हंस आजवर नाही म्हणालेला नाही. (हे वाक्य लक्षात ठेव.)

हंस अंगणातच होता, पूजेसाठी वाढवलेला, गलेलठ्ठ, मोठ्या आवाजाचा. तुला माहीतच आहे, पूजेच्या हंसाला आपण नाव ठेवत नाही. पण मी पीठ भिजवत होते तेवढ्यात विहीणबाई बाहेर जाऊन त्याला केक भरवत बसल्या, आणि आत येऊन म्हणाल्या, अर्काशा किती माणसाळलेला आहे. मी म्हटलं, अर्काशा कोण? तर त्यांच्या वडिलांचं नाव अर्कादी, आणि हंसाची मान वळवायची पद्धत हुबेहूब त्यांच्यासारखी. मला पुढचं सगळं तेव्हाच दिसायला हवं होतं, पण हात पिठात होते.

संध्याकाळी न्हाणीघर तापवलं, कारण न्हाल्याशिवाय देवराईत पाऊल टाकायचं नाही. विहीणबाई माझ्याबरोबर आल्या. आता कपडे काढून बाकावर बसल्यावर कोण चर्चची आणि कोण देवराईची हे काही कळत नाही, दोघींचीही पोटं सारखीच, पाठीला फडकं लावायला दोघींनाही दुसरीचा हात लागतो. मी दगडांवर पाणी टाकण्याआधी म्हातारीची परवानगी घेतली, तेव्हा त्या हसल्या. जरा वेळाने पाण्याचं ओगराळं त्यांच्या हातात होतं, आणि मला वाटलं मी ऐकलंच नाही, पण त्या पुटपुटल्या, आजीबाई, जरा टाकते हं. मग वाफेत बसून त्यांनी मनातलं सांगितलं. त्यांचा एक मुलगा लहानपणीच गेला. त्या म्हणाल्या, "मेल्यावर तो मला भेटेल, त्यावर माझा भरवसा आहे. तिमोफेईही येईल. मग ह्या पोरीला वेगळीकडे नेलं तर? मी तिकडे बसून कोणाकोणाची वाट बघू?" मी त्यांच्या पाठीवर बर्चच्या पानांची जुडी फिरवत राहिले. मी झाडासाठी रडत होते, त्या पलीकडच्या दारासाठी, आणि मधे उभी होती एकच पोरगी. पण यानावी, मी तेव्हाही माघार घेतली नाही. मनात म्हटलं, उद्या हंसच काय तो निकाल लावेल. त्याने अंग झटकलं की विहीणबाईंनाही कळेल देवाच्या मनात काय आहे.

सकाळी सगळे पांढऱ्यात निघालो. विहीणबाईंना मी माझा दुसरा अंगरखा दिला, तो त्यांना खांद्यात घट्ट झाला, पण शोभत होत्या. व्याह्यांच्या कमरेला पट्टा बांधला, तर ते एल्विकाला विचारत होते की तिथे बोललेलं चालतं का, आणि काय बोललेलं चालत नाही. देवराईत धूर उंच सरळ जात होता, कढया लागलेल्या, ओकांच्या बुंध्यांपाशी मेणबत्त्या, सगळं गाव. मी आपल्या बर्चखाली पाव, मध आणि धिरडी मांडली, हंस काखेत घेतला आणि इलिकबायच्या कानात माझं मागणं सांगितलं, हळूच, जसं सांगतात.

इलिकबायने प्रार्थना म्हटली आणि पाठीवर पाणी ओतलं. हंस उभा. आणखी ओतलं. हंस उभाच, मान वळवून विहीणबाईंकडे बघतोय, डोळे अर्धे मिटलेले, जसा कोणी रविवारी दुपारी खाटेवर पडलेला. पाणी निथळून गवतात जातंय आणि ह्याचं एक पीस हलत नाही. कढयांपाशी गप्पा थांबल्या. पेक्तेक मागून म्हणाला, "चाचावीचा हंस आहे, आधी पूर्ण ऐकून घेणार." इलिकबायने तिसऱ्यांदा बादली रिकामी केली, मग ठेवून दिली. म्हणाला, "नाही म्हणतोय. मागणं तपासावं लागेल. काय मागितलंस ते मोठ्याने सांग."

आता हे तुला माहीत आहे, नकार आला की मागणं चारचौघांत सांगावं लागतं. मी अंगरख्याच्या काठाशी चाळा केला, घसा खाकरला, गुडघा दुखतोय म्हणून बघितलं. इलिकबाय म्हणाला, सांग. मग सांगितलं. मी मागितलं होतं की एल्विकाने चर्चचं पाणी घेऊ नये आणि माझ्यानंतर ह्या बर्चखाली उभं राहावं.

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. आणि ज्यांना वाटलं होतं की आता रडारड होणार, त्यांना काही मिळालं नाही, कारण व्याही बोलले. ते तसे फार बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "एक शंका आहे. तुम्ही हंसाला विचारलंत. मुलीला कोणी विचारलं?"

एल्विका माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "आजी, तुझ्याकडे बादली, ह्यांच्याकडे चर्चचं पाणी. दोघी मिळून माझ्या डोक्यावर पाणी ओतायला निघाल्या आहात, आणि मी अंग झटकते का म्हणून बघताय. मी झटकणार नाही. मला लग्नासाठी बाप्तिस्मा नको. आणि मी ह्या झाडाखाली उभी राहीन ती तू मागितलंस म्हणून नाही, मी पाच वर्षांची असल्यापासून इथे उभी आहे म्हणून." मग ती तिमोफेईकडे वळली, तुला चालत नसेल तर आत्ता सांग. तिमोफेई म्हणाला, "मला केव्हाचं चालतंय, पण इथे मला बोलायला जागाच झाली नाही."

यानावी, पोरगी मला चारचौघांत एवढं बोलली. खरं सांगू, मला बरं वाटत होतं. मी आदल्या दिवशी टेबलावर बसून ऐटीत सांगितलं होतं की आमच्यात विचारल्याशिवाय काही घेत नाहीत, आणि ते माझ्यापेक्षा हंसाला जास्त नीट कळलं होतं. असा देव मी शहाणपणाने निवडला नाही, मला आईकडून मिळाला, पण निवडायला सांगितलं असतं तरी हाच घेतला असता.

विहीणबाई हात जोडून, ओठ हलवत उभ्या होत्या, त्यांच्या पद्धतीने. इलिकबायने हंसाचे पाय सोडले आणि म्हणाला, जा बाबा घरी. हंस निघाला, डुलत डुलत, कढया सोडून, गाव सोडून, थेट विहीणबाईंपाशी गेला, पंख पसरले आणि शेपटीपासून मानेपर्यंत असं अंग झटकलं की सगळं पाणी त्यांच्या, म्हणजे माझ्याच, चांगल्या अंगरख्यावर. देवराईत मोठ्याने हसू नये, पण सगळे हसले. लगेच वाद सुरू झाला की हा होकार धरायचा की नाही. पेक्तेक म्हणाला, पाणी तेच आहे, उशीर झाला एवढंच. इलिकबायने डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "हंस हो म्हणाला. कशाला म्हणाला, ते त्या वेळी ज्याने विचारलं असेल त्याला माहीत." विहीणबाई लाल झाल्या, आणि चेहरा पुसत म्हणाल्या, "बरं." मी म्हटलं, बरं म्हणजे? त्या म्हणाल्या, "बरं म्हणजे बरं. लग्न धरा."

तर लग्न बटाटे काढून झाल्यावर आहे. आमच्या कढईत त्या दिवशी नुसती लापशी शिजली, शेजाऱ्यांनी मांस आणून दिलं, व्याह्यांनी तीन घरांच्या कढया चाखल्या आणि निघताना मला म्हणाले की हा थांबा त्यांना आवडला.

तुझी ताई,
चाचावी

ता.क. विहीणबाईंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, त्या वेळी त्यांनी काय मागितलं होतं ते मला सांगायलाच हवं, पोटात राहत नाही. मागितलं होतं की मुलीने पाणी घेतलं नाही तरी चालेल, वर्षातून एकदा त्यांना चर्चमध्ये गाताना ऐकायला तरी तिने यावं. आणि परवा एल्विकाने आपणहून विचारलं, तुमचा ईस्टर कधी असतो, मला तुमचं गाणं ऐकायचंय. कोणी सांगितलं नव्हतं तिला. विहीणबाई मला विचारत होत्या, हे तुमच्याकडून झालं की आमच्याकडून? मी म्हटलं, हंसाकडून.

ता.क. दुसरा. अर्काशाला आता हात लावता येत नाही, आणि त्याला ते कळलेलं आहे. पेक्तेकला फाटकातून येऊ देत नाही. विहीणबाई त्याच्यासाठी केक पाठवतात.

ता.क. तिसरा, आणि पत्राचं कारण हेच. आईचा पूजेचा पांढरा अंगरखा, छातीवर लाल भरतकामाचा, तू पेर्मला जाताना नेला होतास. एल्विकाला लग्नात तोच घालायचाय. पोस्टाने पाठवू नकोस, तूच घेऊन ये. आणि आलीस की लग्नानंतर आमच्याबरोबर देवराईत ये, आईच्या बर्चखाली, डावीकडे, तुझ्या जागेवर. गळ्यातला क्रॉस काढायची गरज नाही, माझ्या घरात एका तसबिरीला धिरडं वाढून झालंय. तुला कोणी काही मागणार नाही. मी फक्त विचारतेय, येशील का.

ता.क. शेवटचा. तू येशील का म्हणून काल मी मनात विचारलं आणि अर्काशाच्या पाठीवर पाणी ओतलं. त्याने लगेच अंग झटकलं. पण पाणी विहिरीचं थंडगार होतं, तेव्हा त्याच्यावर जाऊ नकोस, तूच काय ते कळव.